तीन नंबरचा सिलिंडर

माझ्या गाडीबद्दल ज्याला ज्याला बोलायचं होतं, त्याने गेल्या उन्हाळ्यात बोलून घेतलं. शेजारीपाजारी बोलले, पेट्रोल पंपावरचा माणूस बोलला, तहसील कचेरीतले शिपाई बोलले आणि सगळ्यांत जास्त बोलला माझा मोठा भाऊ. सगळ्यांचं म्हणणं एकच, विकून टाक. चौदा वर्षांची गाडी, पुढच्या वर्षी पंधरा पूर्ण होणार, मग पुन्हा पासिंग, पुन्हा आरटीओच्या चकरा. लोखंडात एवढा जीव कशाला अडकवायचा? मी लग्न केलेलं नाही आणि कुहीत तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवते. अशा बाईला सल्ला देणं लोकांना गावकीचं काम वाटतं. मी सल्ला ऐकून घेते, त्यांच्या सातबाऱ्याची प्रत हातात देते आणि मला हवं तेच करते.

गाडी मी का विकत नव्हते, ते मात्र कुणी विचारलं नाही. कारण साधं होतं. आईच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिसला नागपूरला, धंतोलीतल्या दवाखान्यात न्यावं लागतं. कुहीहून धंतोली चाळीसेक किलोमीटर. जाताना एसटीने जाता येईल एकवेळ, पण चार तास सुया टोचून घेतल्यावर येताना तिला उभं राहवत नाही. गाडी आहे म्हणून आई कुहीत आहे. गाडी गेली तर आई नागपूरला भावाच्या फ्लॅटमध्ये जाईल, सातव्या मजल्यावर. तिथं सगळं आहे, लिफ्ट आहे, एसी आहे, धंतोली दहा मिनिटांवर आहे. फक्त आईला तिथं जायचं नाही. कुहीचं घर तिचं आहे. वडील हातमागावर लुगडी विणायचे, ती कांड्या भरायची, त्यातून हे घर उभं राहिलं. माग गेले, वडील गेले, घर राहिलं. मी तिला सांभाळते असं लोक म्हणतात, पण खरं तर मीच तिच्या घरात राहते.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी सहाला निघालो तेव्हा, गाडीत काहीतरी बिघडलंय हे आधी आईने ओळखलं. मी आपली गिअर टाकून निघाले होते. ती शेजारी डोळे मिटून बसली होती. गावाबाहेर पडायच्या आत म्हणाली, "तुही गाडी एक ठोका गाळून राहिली वं." आयुष्यभर मागाच्या खटक्यात बसलेली बाई. धागा तुटला की माग बघायच्या आधी तिला आवाजातून कळायचं. मी कान दिला तर खरंच, इंजिन तीन पावलं नीट टाकून चौथ्याला लंगडत होतं. मग समोर पिवळा दिवा लागला. इंजिनच्या आकाराचा तो छोटा दिवा, आणि तो नुसता लागला नाही, उघडझाप करायला लागला.

दिव्यांना मी घाबरत नाही. माझ्या दुकानातल्या मशीनला दिवसातून चारदा दिवा लागतो. कागद अडकला, शाई संपली, ड्रम तापला. माणूस बोलवायचा तर उमरेडहून यायला दोन दिवस लागतात, म्हणून मी स्वतःच झाकण उघडते. इतक्या वर्षांत एक शिकले, की दिवा कधी खोटं बोलत नाही, पण पूर्ण खरंही सांगत नाही. कुठं दुखतंय तेवढं सांगतो. का दुखतंय ते आपण शोधायचं असतं.

उमरेड रोडला लागून नागपूरच्या वेशीवरची दिघोरी येईपर्यंत गाडी आपोआप सुधारली. चारही ठोके पडायला लागले, दिवा फडफडायचा थांबला आणि स्थिर जळत राहिला. दुपारी परत येताना तर काहीच नाही. शुक्रवारी पुन्हा तेच. सकाळी लंगडी, दिघोरीला धडधाकट. रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी बाजाराला गाडी काढली तर लोण्यासारखी चालली. गाडी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी आजारी पडायची, म्हणजे आईच्याच वारांना. भाऊ फोनवर हसून म्हणाला की गाडीलाही आता डायलिसिस लागणार. मला हसू आलं नाही.

कुहीतल्या मेकॅनिकने चारही प्लग बदलले. मंगळवारी गाडी पुन्हा लंगडली. मग धंतोलीहून येताना नागपुरातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गेले. तिथं कॉम्प्युटर लावला. पी शून्य तीनशे तीन असा कोड निघाला, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल जळत नाही. कॉइल गेली म्हणाले. कॉइल बदलली. शुक्रवारी पुन्हा तोच दिवा. आता म्हणाले गाडीचा मेंदूच गेला, अख्खा कंट्रोलरच बदलावा लागेल. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. मी विचारलं की मेंदू गेला असेल तर तो दिघोरीला पोचेपर्यंत बरा कसा होतो? त्या गॅरेजवाल्याला हा प्रश्न आवडला नाही. त्याने खिशातून काळ्या टेपची गुंडाळी काढली.

"मॅडम, गाडी पुरानी झाली. हा दिवा काही जाणार नाही. वरून टेप मारून देतो, दिसणार नाही तर टेन्शन पण नाही."

त्याच्या गॅरेजमध्ये तीन गाड्या अशा उभ्या होत्या, दिव्यावर टेप मारलेल्या. त्याने मला त्या अभिमानाने दाखवल्या. मी त्याला म्हटलं, माझ्या आईलाही दिसायला काही झालेलं नाही, तिच्या रिपोर्टवरही मारता का टेप? त्याने गुंडाळी परत खिशात टाकली. मी गाडी काढली आणि परत त्या गॅरेजची पायरी चढले नाही. रस्ताभर मला राग येत होता, आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती.

भीती खरी ठरली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी गाडी इतकी धापा टाकायला लागली की उमरेड रोडवरच्या एका गतिरोधकावर बंद पडली आणि नंतर सुरूच होईना. मी बोनेट उघडून उभी, आई गाडीत, बाजूने कळमन्याच्या बाजारात संत्री नेणारे मिनी ट्रक सुसाट. अर्ध्या-पाऊण तासाने गाडी आपोआप सुरू झाली, पण आम्ही पोचलो तोवर आईची मशीन दुसऱ्या पेशंटला दिली होती. तिला दुपारी तीनची पाळी मिळाली. तोवर ती बाकावर बसून होती. पाय सुजलेले, श्वास वर-वर चाललेला, पण तक्रार एक नाही. भाऊ बँकेतून अर्धी सुट्टी टाकून आला. तो वाईट माणूस नाही. आईचे पाय मांडीवर घेऊन तो तासभर त्या बाकावर बसला. मग मला जिन्याजवळ नेऊन म्हणाला, पुन्हा एकदा गाडीने दगा दिला की आई त्याच्याकडे, मग त्यावर चर्चा नाही. तो बरोबर होता, म्हणून तर मला त्याचा जास्त राग आला.

परत येताना आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मले तिकडं नको नेऊ देऊ वं." एवढंच. ती कधी काही मागत नाही. पाणीसुद्धा मागत नाही.

पाण्याचं सांगायला हवं. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून. लघवी होत नाही, प्यालेलं पाणी अंगातच साठतं आणि फुप्फुसावर चढतं. आईला दिवसाला पाऊण लिटर, तेही चहा, वरण, गोळ्यांसोबतचा घोट, सगळं धरून. कुहीच्या मे महिन्यात पाऊण लिटर. मी एका बाटलीवर पेनने खुणा केल्या होत्या आणि त्या बाबतीत मी फार कडक होते. एकदा तिने फ्रिजमधला बर्फाचा खडा तोंडात टाकला, तर मी तिला तो हातावर काढायला लावला. तिने काढला. पंचाहत्तर वर्षांच्या बाईने माझ्या तळहातावर बर्फाचा खडा काढून ठेवला आणि तोंड पुसलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं की तिला जगवायचं तर मला असंच वागावं लागेल. आजही वाटतं. पण तो खडा हातात वितळला तेव्हा मला कसं झालं, ते मला माहीत आहे.

तर भावाने अशी अट घातली आणि मी ठरवलं, आता झाकण मीच उघडणार. अंगठ्याएवढं एक यंत्र मिळतं. ते स्टिअरिंगखाली खोचलं की गाडीचे कोड मोबाइलवर दिसतात. ते मागवलं. दुकानात गिऱ्हाईक नसताना व्हिडिओ बघितले, हिंदीतले, इंग्रजीतले, एक तर तामिळमधला, पण त्या माणसाचे हात चांगले होते म्हणून शेवटपर्यंत बघितला. कुहीच्या मेकॅनिकने मला बोनेटवर वाकलेली बघितलं आणि रस्त्यावरूनच सांगितलं, ताई, हात भाजून घ्याल. मी म्हटलं, भाजला तर माझाच भाजेल.

शोधायची रीत अवघड नाही, चिकाटीची आहे. तीन नंबरची कॉइल काढून एक नंबरला लावायची आणि एक नंबरची तीनला. दोष कॉइलमध्ये असेल तर तो तिच्यासोबत एक नंबरला जाईल. मंगळवारी निघालो, दिवा लागला, यंत्राने पुन्हा तीनच सांगितला. मग प्लगची अदलाबदल. शुक्रवारी पुन्हा तीनच. म्हणजे वस्तू बदलली तरी दोष जागा सोडत नव्हता. वाडा चिरेबंदी आणि भूत एकाच खोलीत, असं काहीतरी. कॉइल काढताना तिच्या रबरी नळीवर मला पांढरी पुटं दिसली होती, चुना लागावा तशी. मी ती पदराने पुसून टाकली होती. पुराव्याला पदराने पुसणारी मी, आणि बोट मेकॅनिक लोकांकडे दाखवत होते.

गाडी तेवढी सुरू राहिली, बंद पडली नाही, पण दिवा अजून लागतो हे भावाला कळलंच. आईनेच फोनवर सांगितलं, तिला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, येत्या शुक्रवारी मी सकाळी सहाला कुहीला येतो, आईचे कपडे भरून ठेव. मी फोन ठेवला आणि दुकानाचं शटर ओढून आत नुसती बसून राहिले. बराच वेळ रडले. मग रडून झाल्यावर डोकं चाललं. मी गाडी कधी बघते? चालून आल्यावर. गरम असताना, बरी असताना. ताप उतरल्यावर पेशंटला डॉक्टरकडे नेलं तर डॉक्टर काय सांगणार? गाडी आजारी असते पहाटे, सुरू करायच्या आधी. आणि पहाटे मी कधीच तिच्याजवळ नसते. मी स्वयंपाकघरात असते. आईचा बिनमिठाचा डबा करते, मग आंघोळीला जाते. पहाटे बाहेरचं सगळं आई बघते. नळ येतो, ती पाइप लावून कूलर भरते, आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्याने गाडी पुसून ठेवते. रोज पुसायची. मला त्याचं कौतुक वाटायचं. मी दुकानात येणाऱ्यांना सांगायचे, माझी आई गाडीचीही काळजी घेते.

शुक्रवारी सव्वापाचला मी न्हाणीत बादलीवर नळ सुरू ठेवला, म्हणजे मी आंघोळीला गेले असं वाटावं, आणि पान्हा, टॉर्च घेऊन पुढच्या दाराने बाहेर गेले. आईला चुकवायचं असं मनात नव्हतं. एव्हाना तिचा कूलर भरून झाला असेल असं मला वाटलं, आणि तिने मला इंजिनशी झटताना बघून घाबरू नये, एवढंच होतं. गाडी तेव्हा घराच्या बाजूच्या बोळात उभी असायची, आईच्या खिडकीखाली, कारण दुपारी तीनपर्यंत तिथं सावली राहते. त्याच खिडकीला लोखंडी स्टँडवर कूलर. होळी झाली की आपल्याकडे घरोघरी कूलर बाहेर निघतात, तसा आमचाही निघालेला. मी कोपऱ्यावरून वळले आणि थांबले.

आई भिंत आणि गाडी यांच्यामध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती. पाइप कूलरमध्ये सोडलेला, टाकी कधीच भरलेली, आणि पाणी कूलरच्या काठावरून पडद्यासारखं बोनेटवर पडत होतं. आईने दोन्ही हात कोपरापर्यंत त्या पाण्याखाली धरले होते. चपला काढून ठेवलेल्या, पाय खालच्या डबक्यात. माझी पहिली नजर तिच्या तोंडाकडे गेली, पिते तर नाही ना. आधी तेच बघितलं मी. आणि ती पीत नव्हती. ओठ घट्ट मिटलेले होते. पाणी हातावरून वाहत होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती, एवढंच. हिशेबाबाहेरचा एक थेंब तिने तोंडात घेतला नव्हता. मला माझी अशी लाज वाटली की टॉर्च विझवावा आणि परत आत जावं.

तिने मला बघितलं. उठली, घाईघाईने पाइप ओढून काढला आणि लुगड्याचा तुकडा घेऊन बोनेट पुसायला लागली. चोरी पकडल्यासारखी. तेव्हा मला कळलं, ती रोज गाडी का पुसायची ते.

मी बोनेट उघडलं. टॉर्च मारला. गाडीच्या समोरच्या काचेखालच्या जाळीला जी रबराची पट्टी असते ती उन्हाने तडकली होती आणि तिथून पाणी बारीक धारेने थेट तीन नंबरच्या कॉइलवर उतरत होतं. कॉइल उपसली. प्लग ज्या खोल खाचेत बसतो, ती खाच पाण्याने भरलेली. आणि काठाला तीच पांढरी पुटं, आमच्या कुहीच्या जड पाण्याची, जी कूलरच्या जाळ्यांना लागतात, माठाला लागतात, आंघोळीच्या बादलीला लागतात. ठिणगी बिचारी पाण्यात पडत होती. दिघोरीपर्यंत चालून इंजिन तापलं की पाणी उडून जायचं आणि गाडी बरी व्हायची. रविवारी संध्याकाळपर्यंत बोनेटवर दोन तास ऊन पडून सगळं वाळलेलं असायचं. सगळं जागेवर बसलं. गॅरेजवाल्यांना जन्मात सापडलं नसतं, कारण त्यांच्या गॅरेजमध्ये माझी आई नव्हती.

ती माझ्या मागे उभी राहून बघत होती. हातातलं फडकं गळत होतं.

"माह्या पाण्यानं झालं काय हे सारं?"

नाही म्हणता आलं असतं. पट्टी तडकली, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण ती मला खोटं बोलत नाही. मी हो म्हटलं.

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "मंग आता नाही भरत मी कूलर. पाइप तूच धरत जा." तिने तो बर्फाचा खडा ज्या आवाजात परत दिला होता, तोच हा आवाज होता. तक्रार नाही, राग नाही. आणि मला एकदम इतका राग आला, स्वतःचा, डॉक्टरांचा, पाऊण लिटरचा, त्या पेनाच्या खुणांचा, की माझा आवाज चढला.

"तूच भरशील," मी म्हटलं. "रोज भरशील. पाहिजे तेवढा वेळ भरशील. गाडी मी हलवीन. गाडीले पाय हायेत, कूलरले नाही."

रागावले की माझ्याही तोंडी घरची भाषा येते. आई माझ्याकडे बघत राहिली.

खाचेतलं पाणी मी आईच्या औषधांच्या डब्यातल्या मोठ्या सिरिंजने ओढलं. लुगड्याचा कोरडा तुकडा स्क्रूड्रायव्हरला गुंडाळून आत फिरवला, पुन्हा फिरवला, कोरडा येईपर्यंत फिरवला. वडिलांच्या मागावरचं लुगडं असावं ते, पाणी छान शोषत होतं. कॉइलवरची पुटं घासून काढली. तडकलेल्या पट्टीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाबून बसवला. एवढ्यात भावाची गाडी दारात थांबली. सहाला दहा मिनिटं कमी होती. तो वेळेचा पक्का आहे.

त्याने उघडं बोनेट बघितलं, काळे हात बघितले, आणि त्याचा चेहरा पडला. आनंद झाला नाही त्याला, हे मी सांगायलाच हवं. तो म्हणाला, कपडे भरले का? मी त्याला सगळं सांगितलं, कूलर, पट्टी, खाच, तीन नंबर. आईचे हात पाण्याखाली होते, तेवढं सोडून. ते सांगायचा हक्क माझा नव्हता. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला की हे तर उलट सोपं झालं. त्याच्याकडे कूलरच नाही, एसी आहे, पाणी भरायची कटकट नाही, सांडायचा प्रश्न नाही. आईला पाण्याच्या जवळच जावं लागणार नाही.

तो हे चांगल्या मनाने बोलला. म्हणूनच आईला ते लागलं असावं. ती स्टुलावरून उठली. ओलं लुगडं पोटऱ्यांना चिकटलेलं. मुलाच्या समोर जाऊन उभी राहिली. ती त्याच्या खांद्याला लागते.

"मले पाणी प्यायची मनाई हाय गा," ती म्हणाली. "पाहायची नाही. हात धुवायची नाही. मी सकाळी तिथं बसतो, पाणी वाहते, मले बरं वाटते. बाकी दिवसभर मी तुम्हा दोघाईचं ऐकतो. सुया टोचून घेतो. हे एवढं माह्यं हाय."

भावाने बोळात बघितलं. कूलरच्या काठावरून अजून थेंब पडत होते, खाली डबक्यात आईच्या पायांच्या जागा होत्या. त्याने ते सगळं बघितलं आणि मान खाली घातली. लहानपणी वडिलांसमोर घालायचा तशी.

मी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू झाली. आईने दारावर हात टेकून कान दिला, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसले, दिव्याकडे नाही. तिने मान डोलावली. मग तिने पुढचं दार उघडलं, आपल्या जागेवर बसली, पट्टा लावून घेतला आणि मला म्हणाली, चाल. भाऊ त्याच्या गाडीत बसला आणि धंतोलीपर्यंत आमच्या मागे-मागे आला. आरशात तो मला दिसत होता. दिघोरीपर्यंत माझा जीव मुठीत होता, पण दिवा लागला नाही. साडेसातला आईची मशीन सुरू झाली.

भाऊ आता महिन्यातून एकदा तरी येतो. तो येतो त्या सकाळी पाइप तोच लावतो, आणि काही कामाच्या निमित्ताने आत निघून जातो. आम्ही त्यावर बोलत नाही. पंधरा वर्षांचं पासिंग मी करून घेणार आहे, कितीही चकरा मारायला लागल्या तरी. गाडी आता दिवसभर अंगणात उन्हात उभी असते. रंग पोपडे धरतोय, डॅशबोर्डला चिरा गेल्या आहेत, स्टिअरिंगला फडकं धरल्याशिवाय हात लावता येत नाही. लोक पुन्हा सल्ला देतात, सावलीत लावत जा. सावली आईची आहे.

बाटलीवरच्या खुणा तशाच आहेत. त्याला इलाज नाही, पाऊण म्हणजे पाऊण. पण मी पहाटे न्हाणीतून लवकर बाहेर येत नाही, आले तरी पलीकडच्या खोलीत बसून राहते. पाण्याचा आवाज ऐकू येतो. मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. बोळातून पाणी त्यांच्या अंगणापर्यंत वाहत गेलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, नळ एक दिवसाआड येणार अशी बोलवा, त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. रोज इतकं पाणी काहून सांडवता, त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "सांडवून नाही राहिलो काकू. आई पिऊन राहिली."